कॉमन्सवर चित्रांचा दर्जा तपासायचाय? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

‘डिजिटल चित्रं तपासायचं काम मिळतं म्हणे, फॉर्म कुठे भरायचा?’ असं कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून आधीच सांगून टाकतो. पगार नाही, मानधन नाही, घरून कमाई तर नाहीच. विकिमीडिया कॉमन्स म्हणजे विकिपीडियाचं चित्रांचं कोठार, आणि तिथली सगळी तपासणी स्वयंसेवक करतात. हे ऐकूनही उत्साह टिकला असेल तर पुढे वाचा.

कामं दोन आहेत आणि नवखे लोक हमखास त्यांची सरमिसळ करतात. एक, ‘दर्जेदार चित्र’ या शिक्क्यासाठी आलेली चित्रं पारखणं. दुसरं, चित्राचा परवाना, म्हणजे ते कुणी कसं वापरावं याची मालकाने दिलेली मुभा, खरा आहे का ते पाहणं. पहिल्यासाठी अर्जच नसतो. तरी लोक प्रचालकांच्या (साइट सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांच्या) चर्चापानावर ‘मला परीक्षक करा’ म्हणून विनंत्या टाकतात आणि उत्तर आलं नाही की हिरमुसतात.

चित्र पारखायला खातं किमान १० दिवस जुनं हवं आणि ५० संपादनं हवीत. ‘आणि’ आहे, ‘किंवा’ नाही. ही संपादनंही कॉमन्सवरची धरा. मराठी विकिपीडियावर तुमची हजार संपादनं असतील, तिथे त्यांचा उपयोग नाही. स्वतःचं चित्र किंवा स्वतः नामांकित केलेलं (शिक्क्यासाठी सुचवलेलं) चित्र तपासता येत नाही. मित्राचं चित्र आपण नामांकित करायचं आणि आपणच पास करायचं, हा उद्योग पकडला जातो, कारण प्रत्येक संपादन इतिहासात दिसतं.

मुदतीचा घोळही नेहमीचाच. चित्राला कुणी हातच लावला नाही तर ते ८ दिवसांनी यादीतून उतरतं. म्हणजे ते नापास झालं असं नव्हे. कुणी पास किंवा नापास केलं आणि त्यावर हरकत आली नाही, तर २ दिवसांनी बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) निकाल नोंदवतो. हरकत आली तर चित्र चर्चेला जातं आणि बहुमताने ठरतं. ८ दिवस आपल्याला विचार करायला दिलेत असं समजून काहीजण आठव्या दिवशी उगवतात.

आता पारखायचं काय? फोकस, नॉइज (चित्रात दिसणारे दाणे), कडांना आलेले जांभळे-हिरवे पट्टे, वाकलेल्या इमारती हे चार दिवसांत नजरेला सवयीचं होतं. डिजिटल चित्रांचा घात दोन ठिकाणी होतो. पहिलं, आकार: एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारा फाइलप्रकार) सोडून बाकीच्या चित्रात किमान २० लाख पिक्सेल लागतात. इन्स्टाग्रामसाठी १०८० × १०८० मध्ये केलेलं चित्र ११,६६,४०० पिक्सेलचं भरतं, म्हणजे बादच. १९२० × १०८० असेल तर २०,७३,६०० होतात, जेमतेम निसटतं. नापास झाल्यावर तेच चित्र ताणून मोठं करून आणू नका, कडा लगेच चुगली करतात. दुसरं, कोपऱ्यातली झोकदार सही. चित्रकाराला ती जिवापाड प्यारी असते, पण सही किंवा वॉटरमार्क चित्रावर चालत नाही. नाव चित्राच्या माहितीपानावर लिहायचं. नवीन परीक्षकांनी हे न बघता चित्रं पास केली की जुने लोक हरकत घेतात, आणि मग ‘मला मुद्दाम त्रास देतात’ ही तक्रार.

दुसरं काम परवाना-परीक्षकाचं. इथे मात्र रीतसर विनंती लागते आणि नकार मिळतात ते इथेच. फ्लिकरसारख्या फोटोंच्या साइटवर आज मुक्त असलेलं चित्र मालक उद्या ‘सर्व हक्क राखीव’ करू शकतो. म्हणून ‘अमुक तारखेला मी पाहिलं तेव्हा हा परवाना होता’ अशी साक्ष नोंदवणारा विश्वासू माणूस हवा. तुमची चित्रकला, पदवी, कोर्स यांच्याशी कुणाला घेणं-देणं नाही.

विनंती किमान ४८ तास खुली राहते आणि कुणीही प्रश्न विचारू शकतं. उमेदवार विनंती टाकून गावाला जातात, परत येईपर्यंत उत्तरांअभावी विरोध नोंदलेला असतो. पुढचे दोन-तीन दिवस रोज डोकावता येईल तेव्हाच विनंती टाका.

प्रश्न साधारण असे येतात. गूगलवरच्या फोटोवरून हुबेहूब रंगवलेलं नटाचं डिजिटल पोर्ट्रेट चालेल का? ‘हो, मी स्वतः काढलंय’ असं उत्तर दिलंत की संपलं. ते चित्र त्या फोटोवर आधारलेलं, तेव्हा मूळ छायाचित्रकाराची लेखी परवानगी हवी, आणि नेमका हाच कागद कुणाकडेच नसतो. चौकातल्या पुतळ्याचा फोटो? कायमचा सार्वजनिक जागी असेल तर भारतीय कायद्यात सूट आहे. शेजारच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र ती सूट नाही. व्यावसायिक वापराला मनाई करणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना? कॉमन्सवर नाही चालत.

सगळ्यात जास्त लोक अडकतात जुन्या चित्रांवर. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क (कॉपीराइट) टिकतात, एवढं सगळ्यांना पाठ असतं. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, प्रश्नच नाही. चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ साली गेले, म्हणजे भारतात २००४ अखेर मुदत संपली. म्हणून धुरंधरांचं सगळं मोकळं? नाही. कॉमन्सला अमेरिकेचा कायदाही बघावा लागतो. १ जानेवारी १९९६ला भारतात ज्यांचे हक्क जिवंत होते, त्यांना तिथे पहिल्या प्रकाशनापासून ९५ वर्षांचं संरक्षण मिळू शकतं. म्हणून चित्र पहिल्यांदा कधी छापलं गेलं ते शोधावं लागतं. जुन्या अंकाच्या मुखपृष्ठावरची तारीख इथे सोन्याच्या मोलाची.

नियमांची पानं इंग्रजीत, त्यात आद्याक्षरांचा सुळसुळाट. नव्या माणसाला ती घाबरवण्यासाठीच लिहिलीत असं मलाही कधी कधी वाटतं. यातून वाट काढायची तर विनंतीआधी दोन-तीन महिने कॉमन्सवरची चित्रं वगळण्याच्या चर्चा वाचा, चार ठिकाणी कारणासहित मत द्या. विनंतीत ‘मला समाजसेवेची आवड आहे’ लिहू नका, त्या चर्चांचे दुवे द्या. परवाना-परीक्षक झाल्यावरही स्वतः चढवलेल्या चित्रांचा परवाना स्वतः तपासायचा नाही.