अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये प्रवेश: पात्रता आणि कागदपत्रं

अमेरिकेत मुलाला पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या मोफत शाळेत, घालायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो घराच्या पत्त्याचा. मार्क, मुलाखत, देणगी यांचा इथे संबंध नाही. शाळांच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. उरलेला भार राज्यं आणि स्थानिक सरकारं ढोबळमानाने निम्मा-निम्मा उचलतात. स्थानिक पैसा मुख्यतः घरांवरच्या करातून येतो. म्हणूनच प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एका भागातल्या पब्लिक स्कूल चालवणारी स्थानिक संस्था, सहसा आपल्याच हद्दीतली मुलं घेतं. महागड्या वस्तीतल्या शाळांच्या हाती पैसा जास्त खेळतो, आणि राज्याच्या अनुदानाने ही दरी सगळीकडे बुजत नाही. टेक्सासच्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली, पण 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवायला नकार दिला.

भाड्याच्या घरात राहत असाल तरी मुलाचा हक्क तेवढाच. बालवर्गासाठी, म्हणजे किंडरगार्टनसाठी, बहुतेक ठिकाणी पाच वर्षं पूर्ण लागतात. कोणत्या तारखेपर्यंत, ते राज्यागणिक बदलतं. एच-4 (एच-1बी नोकरदारांच्या कुटुंबाचा) किंवा एफ-2 (विद्यार्थ्यांच्या कुटुंबाचा) व्हिसावरच्या मुलांना फी नाही. व्हिसाची कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळेची दारं बंद करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या निकालापासून पक्कं आहे. मूल स्वतः एफ-1 व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असेल तर मात्र गोष्ट वेगळी: फक्त हायस्कूल (नववी ते बारावी), तेही जास्तीत जास्त 12 महिने, आणि एका विद्यार्थ्यामागचा पूर्ण खर्च स्वतः भरून. नातेवाइकांकडे मूल ठेवून शिकवण्याचा बेत बहुधा इथेच अडतो.

नोंदणी बहुतेक डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर होते. सोबत मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट, पालकांचं ओळखपत्र, आधीच्या शाळेचे निकाल आणि पत्त्याचा पुरावा: भाडेकरार किंवा घराची कागदपत्रं, शिवाय वीज वा पाण्याचं बिल. सर्वांत जास्त खोळंबा होतो तो लसीकरणाच्या नोंदीमुळे. भारतातलं कार्ड तारखांसकट इंग्रजीत लिहून घ्या. राज्याच्या यादीतली एखादी लस राहिली असेल तर ती घ्यावी लागते. सोशल सिक्युरिटी नंबर (केंद्र सरकार देतं तो ओळख क्रमांक) दिला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. बेघर कुटुंबातल्या मुलांना कागदपत्रं नसली तरी ताबडतोब दाखल करून घ्यावं, असा केंद्राचा कायदा आहे.

चांगल्या शाळेसाठी मित्राचा पत्ता देण्याच्या फंदात पडू नका. उघडकीला आलं तर प्रवेश रद्द होतो, आणि काही राज्यांत मागच्या दिवसांची फीसुद्धा वसूल करतात.