जनुकीय क्षमतावर्धन : प्रौढ आणि भावी अपत्ये

आजार नसताना, केवळ उंची, ताकद किंवा बुद्धी वाढावी म्हणून माणसाच्या जनुकांत केला जाणारा बदल. शरीरपेशींतला बदल त्या माणसापुरता राहतो; भ्रूणातला बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो.

प्रौढांना वाव थोडा. हाडांची वाढ थांबलेली असते, मेंदूची मूळ घडण झालेली असते आणि शरीरभरच्या पेशींपर्यंत बदल पोहोचवणे फार अवघड. यकृतापर्यंत औषध नेता येते, रक्तपेशी तयार करणाऱ्या मूलपेशी बाहेर काढून सुधारता येतात. बरेचसे यश याच दोन ठिकाणी आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरील ‘कॅसजेव्ही’ या, क्रिस्पर तंत्राने जनुकात नेमका बदल करणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. नांदेडच्या किनवट भागातील आदिवासी कुटुंबांना हा आजार परिचित आहे. मात्र अमेरिकेतली या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे, आणि तो उपचार आहे, क्षमतावर्धन नव्हे.

भ्रूणात एकाच पेशीपासून सुरुवात होत असल्याने बदल साऱ्या शरीरात जाऊ शकतो. म्हणूनच आशा मोठी, आणि चूकही तितकीच दूरवर जाणारी. चीनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने, एचआयव्हीला पेशीत शिरायला वाट देणारे सीसीआर५ जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. त्यांना तीन वर्षांची कैद झाली. हुशारीचे तर एक जनुकच नाही. नुसत्या उंचीशी जनुकसंचातली १२ हजारांहून अधिक ठिकाणे निगडित असल्याचे २०२२ च्या संशोधनात दिसले. त्यामुळे ‘लातूर पॅटर्न’मध्ये पहिला येणारा मुलगा भ्रूणावस्थेतच घडवून देण्याचे आश्वासन कोणी दिले, तर ते खोटे समजावे.

प्रौढ माणूस स्वतःच्या शरीराचा निर्णय स्वतः घेतो. अपत्याचा निर्णय आईबाप घेतात, आणि आईबापांवर भावकीचा, सासरचा दाब असतो. हा मुद्दा मराठवाड्याने भोगलेला आहे. सोनोग्राफी गर्भाच्या तपासणीसाठी आली, पण मुलगी नको म्हणून लिंग पाहण्यासाठीही वापरली गेली. १९९४ चा गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा असतानाही, बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे हजार मुलग्यांमागील प्रमाण २००१ मध्ये ८९४ होते, ते २०११ मध्ये ८०७ वर आले.

भारतात आयसीएमआर या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बीजपेशींतील, म्हणजे पुढच्या पिढीत उतरणाऱ्या, जनुकीय बदलांना मनाई आहे. सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ भ्रूणाची जनुकीय तपासणी केवळ ज्ञात आनुवंशिक आजारांसाठी करू देतो; लिंगनिवडीला बंदी आहे. पण थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीसाठी घेतलेल्या भ्रूणपेशींतून लिंगही कळू शकते. त्यामुळे बंदीची खरी अंमलबजावणी प्रयोगशाळेत होते, आणि तिथली नोंद तपासणारी यंत्रणा जिल्हा पातळीवर सक्षम असावी लागते.