अँटीफ्रीझवाला मासा आणि बर्फ होऊन जगणारा शिंपला

थंड समुद्रातल्या प्राण्यांचा विषय निघाला की "त्यांच्या रक्तात अँटीफ्रीझ असतं", म्हणजे गोठू न देणारा पदार्थ असतो, हे एकच वाक्य सगळ्यांना लावून मोकळे होतात लोक. मला ते फार खटकतं, कारण मासा आणि किनाऱ्यावरचा शिंपला यांची पद्धत एकदम उलटी आहे.

आधी मासा. समुद्राचं पाणी साधारण उणे १.९ डिग्रीला गोठतं, पण माशाच्या रक्तात मीठ कमी, म्हणजे ते उणे ०.७ च्या आसपासच गोठायला हवं. मग अंटार्क्टिकातले मासे बर्फाखाली पोहतात कसे? आर्थर डीव्रीस या संशोधकाने १९६० च्या दशकात तिथल्याच मॅकमर्डो साउंड या खाडीतल्या माशांवर काम करून दाखवलं की त्यांच्या रक्तात खास प्रोटीन असतं, बर्फाचा बारीक कण आत शिरला की ते त्याला चिकटतं आणि वाढूच देत नाही. गोठला तर मासा मेलाच.

पण हे प्रोटीन पुरतं एक-दोन डिग्रीपुरतंच. माशाला तेवढं बास होतं, कारण पाणी त्याहून थंड होतच नाही.

आता किनाऱ्यावर या. अमेरिकेतल्या मेन किंवा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या खडकांना चिकटलेला निळा शिंपला, म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातल्या शिनाण्यांचा थंड पाण्यातला भाऊबंदच, हिवाळ्यात ओहोटी लागली की तासन् तास उघडा पडतो आणि हवा उणे १५ असू शकते, तिथे एक-दोन डिग्रीची सोय काय कामाची? म्हणून तो गोठणं टाळत बसत नाही, गोठतो. अशा वेळी उघडून बघितला तर मांसात खरंच बर्फाचे कण असतात, शरीरातलं अर्ध्याहून जास्त पाणी बर्फ झालेलं असू शकतं, आणि भरती आली की वितळून परत शिंपा उघडून खायला सुरुवात!

हे जमतं कसं तर बर्फ पेशींच्या बाहेर होतो, आत नाही. बर्फात मीठ मावत नाही म्हणून बाहेर उरलेलं पाणी जास्त जास्त खारट होत जातं आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना अगदी तसंच. पेशी आकसते, पण आतलं पाणी घट्ट झाल्यामुळे गोठत नाही. टॉरीन, ग्लायसीनसारखी अमिनो आम्लं तिला जपतात. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की या शिंपल्याच्या रक्तात बर्फ लवकर सुरू करून देणारे पदार्थही असतात, म्हणजे फार थंड व्हायच्या आधीच, सावकाश आणि बाहेरच्या बाहेर बर्फ धरतो. मासा बर्फाचा कण अडवतो, हा स्वतःहून बोलावतो.

अर्थात यालाही मर्यादा आहेच, थंडी फारच वाढली किंवा खूप वेळ टिकली तर पेशी इतकी आकसते की तिचं आवरण फाटतं, आणि मग भरती आली तरी शिंपा उघडत नाही.