फ्लॅग वेगळा, ट्रॅप वेगळा : ऑप्टिमायझर दोघांना वेगवेगळा नडतो

टर्मिनलवर ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ दिसलं की पोरं आधी डबल (दशांश आकड्यांचे) व्हेरिएबल तपासत बसतात. लिनक्सवर, इंटेल-एएमडीच्या मशीनवर हा मेसेज बहुतेक वेळा येतो तो इन्टिजरला शून्याने भागल्यामुळे. १.० ला ०.० ने भागलं तर काही थांबत नाही. उत्तर इन्फिनिटी येतं आणि प्रोग्राम पुढे चालतो. प्रोग्राम थांबवणाऱ्या सिग्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या इशाऱ्याला) हे नाव पडलं तिथूनच घोळ सुरू होतो. सी-प्लस-प्लसच्या ट्राय-कॅचशी तर याचा काडीचाही संबंध नाही.

आयईईई ७५४ या फ्लोटिंग पॉइंट (दशांश आकड्यांच्या) गणिताच्या मानकातले पाच अपवाद ठाऊक असतीलच: इनव्हॅलिड (शून्य भागिले शून्यसारखं अर्थहीन गणित), शून्याने भागाकार, ओव्हरफ्लो (मावणार नाही इतका मोठा आकडा), अंडरफ्लो (फारच लहान आकडा), इनएक्झॅक्ट (उत्तर नेमकं न मावल्याने जवळच्या आकड्यावर आणलेलं). अपवाद घडला की फ्लॅग (प्रोसेसरमधली खूण) उठतो आणि आपण पुसेपर्यंत तसाच राहतो. ट्रॅप मात्र मुद्दाम चालू करावा लागतो, ग्लिबसीत (लिनक्सच्या सी लायब्ररीत) ‘फे-एनेबल-एक्सेप्ट’ने. मग अपवाद घडला की त्याच सूचनेवर सिग्नल येतो.

आता खरी गोम. कंपायलरचा ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा भाग) जपतो ते उत्तर. फ्लॅगही जसाच्या तसा राहील, ही हमी ओ-टू, ओ-थ्री या ऑप्टिमायझरच्या नेहमीच्या पातळ्यांमध्ये नसते. आणि ती नसल्याचा फटका दोघांना उलटसुलट बसतो: फ्लॅग वाचणाऱ्याचा अपवाद गायब होतो, ट्रॅप लावणाऱ्याला नसलेला अपवाद मिळतो.

आधी फ्लॅगवाल्याचं. फ्लॅग पुसला, अ भागिले ब केलं, ‘फे-टेस्ट-एक्सेप्ट’ने फ्लॅग पाहिला, भागाकार पुढे कधीतरी वापरला. वाचायला क्रम स्वच्छ दिसतो. पण भागाकार आणि ते फंक्शन यांच्यात जीसीसी या कंपायलरला कुठलंच नातं दिसत नाही, म्हणून तो भागाकार फंक्शनच्या खाली सरकवू शकतो. फ्लॅग कोराच दिसतो. भागाकार पुढे वापरलाच नाही तर तो अख्खा पुसला जातो. यासाठी सी भाषेत ‘एफईएनव्ही-अॅक्सेस’ प्रॅग्मा (कोडमधून कंपायलरला दिलेली सूचना) आहे, पण जीसीसी तो पाळत नाही. प्रॅग्मा लिहिला म्हणजे काम झालं, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी निदान एकदा वॉर्निंग चालू करून बघावं. जीसीसीवर खात्रीचा मार्ग व्होलाटाइल (या व्हेरिएबलचं वाचणं-लिहिणं गाळू नकोस, असं कंपायलरला सांगणारा शब्द): अ आणि ब व्होलाटाइलमधून वाचा, उत्तर व्होलाटाइलमध्ये ठेवा, मग फ्लॅग बघा.

आता ट्रॅपवाला. मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या पावसाची सरासरी काढायची आहे. एका अॅरेत बेरीज, दुसऱ्यात नोंद आलेल्या पर्जन्यमापकांची संख्या, दोन्ही डबल. एखाद्या तालुक्याची नोंदच आली नाही तर बेरीज शून्य, संख्याही शून्य. म्हणून अट घातली: संख्या शून्य नसेल तरच भागा, नाहीतर उणे एक लिहा. इनव्हॅलिडचा ट्रॅप चालू. ओ-झिरोला, म्हणजे ऑप्टिमायझर बंद असताना, सुरळीत चालतं. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने ओ-थ्रीला लूप व्हेक्टराइझ केला (अनेक आकड्यांचं काम एका सूचनेत बसवलं) की तो दोन-दोन किंवा चार-चार तालुके एकत्र भागतो, सगळेच, आणि शेवटी अटीप्रमाणे नको ती उत्तरं टाकून देतो. उत्तर बरोबर येतं. पण वाटेत शून्य भागिले शून्य प्रत्यक्ष घडलेलं असतं आणि सिग्नल येऊन प्रोग्राम मरतो, तोही नेमका त्या ओळीवर जिच्या डोक्यावर अट आहे. मग लोक अटच तपासत बसतात, डेटा चाळतात. साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. अट बरोबरच असते. क्लँग मुळात गृहीत धरतो की अपवादांकडे कुणी बघत नाही.

म्हणून औषधही वेगळं. क्लँगमध्ये ‘एफपी-एक्सेप्शन-बिहेवियर’ हा ऑप्शन आहे. ट्रॅपवाल्याला ‘मे-ट्रॅप’ पुरतो: मूळ कोडमध्ये नसलेला अपवाद कंपायलर निर्माण करत नाही. फ्लॅगवाल्याला ‘स्ट्रिक्ट’च हवा, कारण ‘मे-ट्रॅप’मध्ये असलेला अपवाद हरवू शकतो. सरसकट ‘स्ट्रिक्ट’ लावू नये, वेग जातो. जीसीसीत ‘ट्रॅपिंग-मॅथ’ (ट्रॅप लागू शकतो असं धरणं) आपसूक चालू असतं, त्यामुळे वरचा लूप तिथे सहसा तग धरतो. ‘नो-ट्रॅपिंग-मॅथ’ दिलं की ते संरक्षण गेलं.

आणि वेगासाठीचा ‘फास्ट-मॅथ’ ऑप्शन? त्यात ‘नो-ट्रॅपिंग-मॅथ’ आहेच, शिवाय ‘फायनाइट-मॅथ-ओन्ली’ही (इन्फिनिटी, नॅन येतच नाहीत असं धरणं) आहे. त्यामुळे ‘इझ-नॅन’ची (उत्तर नॅन, म्हणजे ‘आकडाच नाही’, आहे का ही) तपासणी कंपायलर थेट ‘नाही’ धरून काढून टाकतो. इथे उत्तरही बदलतं. हा ओ-थ्रीचा थोरला भाऊ नव्हे. ‘ओ-फास्ट’ लिहिलं तर तो न सांगता आत येतो. मोजणीच्या कोडमध्ये तो मेकफाइलवर (अख्ख्या प्रोजेक्टच्या बिल्डवर) सरसकट टाकणं चूकच. हवा असेल तर एखाद्या तपासलेल्या फाइलपुरता.

शंका आली तर ‘ऑब्जडंप’ला (तयार प्रोग्राममधल्या प्रोसेसरच्या सूचना दाखवणाऱ्या टूलला) ‘वजा डी’ देऊन पाहा. फ्लॅगवाल्याने ‘डिव्ह-एसडी’ ही भागाकाराची सूचना ‘फे-टेस्ट-एक्सेप्ट’च्या कॉलच्या वर आहे की खाली, ते बघावं. ट्रॅपवाल्याने ‘डिव्ह-पीडी’ शोधावी. ती अटीच्या लूपमध्ये सापडली तर एकगठ्ठा भागाकार चाललाय. आर्मच्या मशीनवर आधी ‘फे-एनेबल-एक्सेप्ट’ काय परत करतं ते तपासा. उणे एक आलं तर त्या प्रोसेसरवर ट्रॅप नाहीच, आणि मग फ्लॅग वाचण्यावाचून गत्यंतर नाही.