भोंगा कुठवर पोचतो?

सांगलीत पावसाळ्यात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आयर्विनला किती?" या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ला धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ला तर ५७ फूट ओलांडले. धोक्याच्या भोंग्याची भाषा मात्र आपल्याला येत नाही. ७ मे २०२५ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा खालीवर होणारा सूर म्हणजे धोका आणि सलग एकसुरी म्हणजे धोका टळला, हे अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

विजेच्या मोटरवर चालणाऱ्या या भोंग्यात कुणी फुंकत नाही. खाचा पाडलेलं चाक गरगर फिरतं आणि हवेचे तुकडे पाडतं. मिनिटाला २,८०० फेरे आणि १० खाचा धरल्या तर सेकंदाला सुमारे ४६७ तुकडे, तोच त्याचा सूर. बटण दाबलं की चाक वेग घेतं, सूर चढतो. सोडलं की उतरतो. खालीवर सूर काढायला एवढंच पुरतं. शिवाय पंख्याच्या घरघरीसारख्या एकसुरी आवाजाला कान लगेच सरावतो, चढउताराला तितका नाही.

अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं घटतो. ३० मीटरवर १२० डेसिबल असेल, तर किलोमीटरभर लांब ९०च्या आसपास उरतो, तोही कागदावर. मध्ये इमारती येतात, वारा येतो. उन्हात जमिनीलगतची हवा तापते, तेव्हा आवाज वर वळून डोक्यावरून निघून जातो. पहाटे उलट होतं: खालची हवा गार, म्हणून लांबचा आवाजही स्पष्ट येतो. फ्रान्समध्ये आणि नेदरलँड्समध्ये महिन्यातून एकदा भर दुपारी भोंगे वाजवून बघतात. उन्हाळ्यात ही परीक्षा कडकच म्हणायची. पण आपला पूर रात्रीचाही चढतो. पत्र्यावर पाऊस कोसळत असतो आणि दारंखिडक्या बंद असतात. त्या आवाजात चाचणी कोण घेणार?

मोबाइलवरचा इशारा भिंतीपलीकडं जातो. २०२३मध्ये आपले फोन एकदम किंचाळले होते, ती याचीच चाचणी. एसएमएस एकेका नंबरला जातो, हा इशारा रेडिओसारखा टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनांवर एकदमच पडतो, म्हणून गर्दीत अडकत नाही. अर्थात पुरात वीज गेली आणि टॉवरची बॅटरीही संपली, की तोही मुका. फजिती व्हायचीच तर ती चाचणीत झालेली बरी. जर्मनीत २०२०च्या पहिल्या देशव्यापी चाचणीत ॲपवरचा इशारा जवळजवळ अर्धा तास उशिरा आला, मग तिथं हीच टॉवरवरची पद्धत आणली.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ला वेगळाच भोंगा सुरू केला. संध्याकाळी सातला तो वाजला की टीव्ही, मोबाइल दीड तास बंद, पोरं अभ्यासाला. यंत्राची रोज चाचणी होते आणि अर्थही घराघरात ठाऊक. फक्त उद्या सातलाच खरा धोका आला, तर फोन बंद असतील आणि भोंगा ऐकून लोक टीव्ही बंद करतील. धोक्याचा सूर तिथं निराळाच ठेवावा लागेल.