गेम गावात येतो कुठून?

रॉकस्टार कंपनीच्या जीटीए सिक्स या व्हिडिओ गेमची तारीख दोनदा पुढे गेली. आधी 2025 म्हणाले, मग 26 मे 2026, आणि आता 19 नोव्हेंबर 2026. गेम येणार तो प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवर. कॉम्प्युटरची तारीख रॉकस्टारने दिलेली नाही, मोबाइलचा तर विषयच नको. तरी दर्यापूर, पुसद, चिमूरकडच्या पोट्ट्यांना ट्रेलर पाठ आहे. घरात कन्सोल नाही, शेजारी नाही. गावात असलाच तर एखाद्या मास्तराच्या नाहीतर कृषी केंद्रवाल्याच्या पोराकडे. मग हे वेड आलं कुठून?

विदर्भातल्या खेड्यात गेम कंपनीच्या दुकानातून कधी आलाच नाही. तो मागच्या दाराने आला: नकली डब्यातून, तासाच्या भाड्यावर, कॉपी केलेल्या सीडीवर, चुलतभावाच्या जुन्या कॉम्प्युटरमधून. कन्सोलचं पुढे काय, या चर्चेत बहुतेकजण चिप आणि ग्राफिक्सबद्दल बोलतात. इथून बघितलं तर प्रश्न एवढाच की ते मागचं दार उघडं राहणार का.

सुरुवात जपानमधली. 15 जुलै 1983 ला निन्टेंडो कंपनीने फॅमिकॉम हा कन्सोल बाजारात आणला. अमेरिकेत तेव्हा अटारी या गेम कंपनीचा धंदा बसत होता. न खपलेल्या गेमच्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या, आणि 2014 मध्ये लोकांनी त्या उकरूनही काढल्या. घरगुती व्हिडिओ गेमचे दिवस भरले, असंच तिकडे बोललं जात होतं. म्हणजे कन्सोल मरणार ही भविष्यवाणी आजची नाही. 1985 मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स आला आणि ती तोंडं बंद झाली.

खरा फॅमिकॉम आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिला. तैवान आणि मग चीनमधल्या कारखान्यांनी त्याच्या चिपांची नक्कल केली, पुढे सगळं एकाच चिपेत बसवलं आणि वर लाखेसारखा काळा थेंब ओतला. जुना डबा ज्याने उघडला त्याला तो थेंब आठवेल. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला तो पाहूनच हात जोडायचा, कारण त्यात बदलण्यासारखं काही नसायचं. शहरात मीडिया, समुराई ही नावं चालली. खेड्यात पोचला तो बिननावाचा डबा, नागपूरच्या सीताबर्डीवरून, अमरावतीहून, नाहीतर जत्रेतल्या दुकानातून. मुहूर्त बहुतेक ठरलेला: कापसाचा चुकारा. सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात पैसे सुटायला महिने लागायचे. सुटले की आधी कृषी केंद्राची उधारी, मग घरातले कपडे, आणि उरलंच काही तर पोराचा ‘टीव्ही गेम’.

या डब्याची एक गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. जपानी टीव्ही सेकंदाला 60 चित्रं दाखवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही 50. डबे आपल्या टीव्हीसाठी जुळवले गेले तेव्हा गेम तोच राहिला, पण चाल मंदावली. जपानमधला मारिओ सहा पावलं टाकायचा तेवढ्यात आपला पाच. इथल्या पिढीला तोच वेग खरा वाटायचा. पुढे मोबाइलवर जुने गेम चालवणारे इम्युलेटर आले तेव्हा ‘हा मारिओ लय पळते बाप्पा’ अशी तक्रार व्हायची, ती यामुळे.

मारिओत गेम सेव्ह होत नाही. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार टप्पे, सगळं एका बैठकीत. ग्रामीण फिडरवर ज्या वर्षांत बारा-बारा तासांचं भारनियमन चालायचं, त्या वर्षांत ही बैठक जमवायची कशी? उपाय गेममध्येच होता. पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या टप्प्यात छतावर चढून चालत गेलं की शेवटी तीन पाइप लागतात, वर 4, 3, 2 असे आकडे. चौथ्या वर्ल्डमध्ये वेलीवर चढून आणखी एक वाट सापडते, ती थेट आठव्यापर्यंत नेते. मारिओ बनवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांच्या मंडळींनी ही वाट गेममध्ये लपवली होती. इथे ती लाइट जायच्या आत राजकन्येपर्यंत पोचायची एकमेव वाट ठरली, आणि कोणत्याही पुस्तकाशिवाय, इंटरनेटशिवाय, शाळेच्या मधल्या सुटीत गावोगाव पोचली. “सरक ना बे, लाइट जाईन आता, माही बारी हाय!” हे वाक्य त्या वयाच्या कोणालाही ओळखीचं वाटेल.

सोबत बदकं मारायची बंदूक मिळायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड हेरणार. हे जमतं ते मागे फुगीर असलेल्या जुन्या टीव्हीवर. चपटा एलसीडी चित्र किंचित उशिरा दाखवतो, त्यामुळे नेम लागतच नाही. घरात नवा टीव्ही आला आणि चांगली चालती बंदूक अडगळीत गेली. गेम खराब नव्हता, बंदूकही नव्हती. ज्या वस्तूच्या भरवशावर दोन्ही उभे होते ती गेली, एवढंच.

‘9999 इन 1’ कॅसेटीबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. त्यात गेम पाच-दहाच असायचे, तेच नावं आणि टप्पे बदलून मोजलेले. पण कॉन्ट्रा, बॉम्बरमॅन, बॅटल सिटी ही नावं गावात पोचली ती याच कॅसेटींतून. कोनामी कुठली कंपनी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कॅसेट मात्र हातोहात फिरायची; एकाची दुसऱ्याकडे, दुसऱ्याची मामाच्या गावाला.

तालुक्याला बसस्टँडजवळ गेम पार्लर असायचं, तिथला राजा मुस्तफा. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, 1993 चा. त्यात चार खेळाडू निवडता येतात, पण आपल्याकडे पिवळ्या टोपीचा मुस्तफा एवढा चालला की मशीनचंच नाव मुस्तफा पडलं. त्याचा पुढचा भाग कॅपकॉमने काढलाच नाही. अमेरिकी कॉमिक्सवर बेतलेला गेम, हक्क दुसऱ्याचे. कंपनीच्या वहीत ही मालिका एका गेमवर संपली. भारतातल्या तालुक्यांत ती पुढे पंधरा-वीस वर्षं चालली, आणि त्यातला छदामही कॅपकॉमला मिळाला नसेल. मालिका कोण जगवतं, या प्रश्नाचं कंपनीचं उत्तर आणि गावाचं उत्तर एक नसतं, हे माझं म्हणणं इथूनच सुरू होतं.

प्लेस्टेशन 2 मार्च 2000 मध्ये जपानला आला, 16 कोटींवर खपला आणि 2013 च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबलं. आपल्या तालुक्यांत तो आला तो चिप बसवलेला, पॉलिथिनच्या पाकिटातल्या कॉपी डीव्हीडी चालवणारा, तासाच्या भाड्यावर. डब्ल्यूडब्ल्यूईचा 2003 चा ‘हिअर कम्स द पेन’ हा तिथला मुख्य गेम. 8 एमबीच्या मेमरी कार्डावर कोणाचं सेव्ह ठेवायचं यावरून मारामारी व्हायची, कधी पडद्याबाहेरचीही. सोनीने 2009 मध्ये इथल्या मातीतले दोन गेम याच मशीनवर आणले, दोन्ही हैदराबादेत बनलेले: ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि कबड्डी, विटीदांडू, पतंगबाजी असलेला ‘देसी अड्डा’. प्रयत्न चांगला होता, पण ज्या पोराला खरी विटीदांडू दारात मिळते त्याला कुस्तीत अंडरटेकरच हवा होता.

आता सगळ्यात बोलकं उदाहरण, ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट 07. नोव्हेंबर 2006 मध्ये आला, कॉमेंट्री रिची बेनो आणि मार्क निकोलस यांची. त्यानंतर ईएने क्रिकेटचा धंदाच बंद केला. पुढच्या पिढीच्या कन्सोलवर ही मालिका गेलीच नाही. पण हा गेम इतका हलका की ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरवरही चालतो. एमएससीआयटीच्या क्लासमधल्या मशीनवर तो कोणीतरी टाकलेला असायचाच, एक्सेलच्या खिडकीमागे लपवलेला. मग हौशी लोकांनी पॅच काढायला सुरुवात केली: नवे संघ, नवी जर्सी, आयपीएल, नवी मैदानं. 2006 च्या इंजिनात आजचे खेळाडू बॅटिंग करतात आणि बेनो यांचा आवाज तसाच चालू राहतो. ते स्वतः 2015 मध्ये गेले. कंपनीने सोडलेली मालिका इतकी वर्षं पेनड्राइव्हवर जगली, याला फ्रँचायझी म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं आणि पुढची गोष्ट सर्वांना माहीत आहे. पबजी मोबाइल 2 सप्टेंबर 2020 ला बंद, 2 जुलै 2021 ला बीजीएमआय म्हणून परत, मधेच पुन्हा गायब. फ्री फायर फेब्रुवारी 2022 मध्ये गेला. स्वस्त फोनवर चालणारा म्हणून तो खेड्यात पबजीपेक्षाही खोल गेला होता. क्रिकेट 07 कोणाला बंद करता आला नसता. फ्री फायर सरकारच्या एका आदेशाने थांबला, कारण खेळ फोनमध्ये नव्हताच, कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर होता. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद.

कन्सोलचं जगही त्याच दिशेला चाललं आहे. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद केले. विकत घेतलेली डिस्क हातात असूनही गेम सुरू होईना. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि 2025 मध्ये, विकलेले गेम असे बंद पाडू नका, या तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. निन्टेंडोच्या स्विच 2 या कन्सोलच्या काही गेमच्या कार्डात गेम नसतोच, डाउनलोड करायची किल्ली असते. (स्विच भारतात अधिकृतपणे कधी विकायलाच आला नाही, तेव्हा हे दुःख आपल्याला उसनंच.) एक्सबॉक्सची ओळख असलेला हेलो हा गेम 2026 मध्ये प्लेस्टेशनवर येणार असं जाहीर झालं आहे. अमुक गेमसाठी अमुक मशीन, हा कन्सोल विकत घ्यायचा जुना हिशेबही मोडीत निघतो आहे.

त्यात किंमत. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. अमेरिकेत 299 डॉलरला आलेला प्लेस्टेशन 2 पुढे 99 वर उतरला, आणि ही उतरंड होती म्हणून तो आपल्या तालुक्यापर्यंत आला. प्लेस्टेशन 5 तिथे 499 ला आला आणि पाच वर्षांनी, ऑगस्ट 2025 मध्ये, 549 झाला. भारतात तो 2 फेब्रुवारी 2021 ला 49,990 रुपयांना आला, दुसऱ्या वर्षी 54,990 वर गेला. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल. म्हणजे एका मशीनला जवळपास सात क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरात तेवढा झाला तर वर्ष बरं गेलं म्हणतात.

कंपन्यांचं उत्तर क्लाउड: मशीन घेऊच नका, महिन्याची वर्गणी भरा, गेम दूरच्या कॉम्प्युटरवर चालेल आणि चित्र तुमच्या पडद्यावर येईल. नोव्हेंबर 2025 मध्ये एक्सबॉक्सने ही सोय भारतात सुरू केली. कागदावर ती खेड्यासाठीच बनल्यासारखी वाटते. पण बटण दाबल्यावर सिग्नल जाऊन परत येईपर्यंतचा वेळ कुस्तीच्या गेमला चालत नाही, आणि लाइट गेली की बऱ्याच गावांत थोड्या वेळाने टॉवरही झोपतो. शिवाय वर्गणी थांबली की हातात काही उरत नाही. मामाच्या गावाला पाठवायला कॅसेट नाही, मित्राला द्यायला पेनड्राइव्ह नाही.

कन्सोल संपणार नाहीत, महाग होतील आणि थोड्यांचे राहतील, असं मला वाटतं. मोठ्या मालिकाही मरणार नाहीत, त्यांच्यात अंतर वाढेल. जीटीए थ्री, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास 2001 ते 2004 या काळात आले; जीटीए फाइव्ह 2013 चा, 20 कोटींहून जास्त प्रती खपलेला, आणि पुढचा यायला तेरा वर्षं. एवढ्या वर्षांत पार्लरमध्ये व्हाइस सिटी खेळणारा पोरगा बाप झाला. त्याचा मुलगा नोव्हेंबरमध्ये हा गेम आधी यूट्यूबवर दुसऱ्याने खेळलेला बघेल. मग तालुक्यात कोणी एक प्लेस्टेशन 5 तासावर लावला, तर एकाच खात्यावर सगळं गाव आळीपाळीने खेळेल. कंपनीच्या अटींत ते बसत नाही, पण इथे गेम आजवर आला तो असाच.