ब्लॉक घासायची हत्यारं आली कुठून?

मोटरसायकलच्या टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे वरखाली होणारे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ब्लॉकच्या, भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, पिस्टनच उघडतो आणि बंद करतो: ताजं मिश्रण आत आणणारे ट्रान्सफर आणि जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट. त्यामुळे तिथला धातू घासला (यालाच पोर्टिंग म्हणतात) की टायमिंग, म्हणजे पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळच बदलते. यामाहाच्या आरएक्स १००चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ५० मिमी. एक्झॉस्टची वरची कड १ मिमी वर नेली तर पोर्ट साधारण साडेचार ते पाच अंश जास्त उघडा राहतो. वरच्या आरपीएमला गाडी पळते, पण ठाण्यातल्या गोखले रोडच्या ट्रॅफिकमध्ये मरगळते.

पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबणारं साधं इंजिन जोसेफ डे यांनी १८९१च्या सुमारास आणलं. खरी गुंतागुंत १९२०च्या दशकात आली. श्नुर्ले या जर्मन अभियंत्याने ट्रान्सफर पोर्ट तिरके वळवले, म्हणजे ताजं मिश्रण मागच्या भिंतीवर चढून गिरकी घेतं आणि जळका वायू बाहेर ढकलतं. डीकेडब्ल्यू या जर्मन मोटरसायकल कंपनीने ते उचललं. पुढे पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेन यांनी पोर्ट, डिस्क व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी फिरती चकती) आणि एक्स्पान्शन चेंबर (फुगीर सायलेन्सर नळी) यांचा मेळ घालून १९६१मध्ये १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला. ही विद्या त्याच्याबरोबर सुझुकीत गेली आणि १९६२ची ५० सीसीची जगज्जेतेपदाची स्पर्धा सुझुकीने जिंकली. भारतात १९८५मध्ये आलेली आरएक्स १०० याच जपानी शाळेतली.

वळवलेल्या पोर्टने हत्यारांची पंचाईत केली. एक्झॉस्ट बाहेरून दिसतो, तिथे गोल किंवा अर्धगोल कानस चालते. ट्रान्सफरची तोंडं मात्र बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, आत. ५० मिमीच्या बोअरमध्ये सरळ हत्यार आडवं फिरवायला जागाच नाही. तोडगा दातांच्या दवाखान्यातला: काटकोनात वळलेला हँडपीस. मागे लवचिक शाफ्ट, पुढे छोटा बर, म्हणजे फिरतं दातेरी टोक. पोर्टिंगसाठी म्हणून मिळणारे आजचे महागडे हँडपीसही त्याच घराण्यातले.

दुसरा वारसा टूलरूमचा. क्रुपने १९२०च्या दशकाअखेरीस टंगस्टन कार्बाइड बाजारात आणलं, आणि कठीण पोलाद कोरणारे कार्बाइड बर डाय-मोल्डवाल्यांच्या हाती आले. ठाण्यात हे शोधायला लांब जावं लागत नव्हतं. एमआयडीसी १९६२ची, वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. तिथल्या टूलरूममध्ये हवेवर चालणारा पेन्सिल ग्राइंडर म्हणजे रोजचं हत्यार. सरळ दांड्याचं. माझ्या मते गॅरेजचं पोर्टिंग बहुतेक एक्झॉस्टपुरतं राहिलं ते यामुळेच. काटकोनी हँडपीस हाताशी नव्हता, म्हणून ट्रान्सफरला कुणी हातच लावला नाही, आणि वर त्याला 'फुल पोर्टिंग' म्हणून पैसे घेतले ते वेगळंच!

बर निवडताना धातू बघावा लागतो. सिलिंडरच्या आतल्या बिडाच्या नळीला, म्हणजे लायनरला, बारीक, डबल-कट (एकमेकांना छेदणारे) दात चालतात. ॲल्युमिनियमला तेच दात लगेच भरतात, म्हणून तिथे मोठ्या दातांचा बर आणि थोडं रॉकेल. निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) कठीण थर असलेल्या ब्लॉकमध्ये बर बोअरकडून धातूत फिरवावा, उलट फिरवला तर थराचे टवके उडतात. कुठल्याही हत्याराने घासलं तरी शेवटी पोर्टची कड एमरीने मारावीच लागते. पोर्टसमोरून जाताना पिस्टनची रिंग किंचित बाहेर फुगते, धारदार कडेला अडकते आणि तुटते.